टिपूसभर पांढुर्णा, थेंबभर सौसर!

पांढुर्णा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदीच्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव आणि मधे गोट्यांची बरसात, म्हणजेच गोटमार!

आणि सौसर म्हटलं की? संत्र्याच्या बागा, जामसावळीचा पहुडलेला मारुती आणि जमिनीच्या पोटात काळंकभिन्न मँगनीज. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा संसार एकत्र आला आणि मध्य प्रदेशाचा नवा पांढुर्णा जिल्हा जन्माला आला.

आज आपण इथला गोटा फेकणार नाही आहोत. आपण तो विरघळवणार आहोत! त्याचं पाणी करायचं, पाण्याचं धुकं करायचं आणि ते धुकं सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम प्लाझ्मात सोडायचं. मग तो गोटा स्वतःची कुंडली स्वतःच वाचून दाखवतो. इथल्या संत्र्याचं पान, विहिरीचं पाणी, शेतातली माती, सगळ्यांना हाच रस्ता.

तयार? मग चला, सुटूया!

यंत्राचं नाव लांब, काम झटपट

नाव आहे ‘इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा’. जीभ अडखळली ना? लॅबवालेही पूर्ण नाव घेत नाहीत. ‘आयसीपी’ म्हणतात आणि मोकळे होतात. नागपुरात, म्हणजे सौसरहून हाकेच्या अंतरावर, ‘नीरी’सारख्या संस्थेत ही यंत्रं आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’ केंद्रातही आहेत.

याची दोन भावंडं. पहिलं ओईएस. ते प्लाझ्मात तापलेल्या अणूंचा उजेड वाचतं. दुसरं एमएस. ते अणूंचे आयन करून त्यांना वजनाप्रमाणे निवडतं. एक बघणारं, एक तोलणारं. दोघांना लागतो मात्र एकच खुराक: थेंब!

नवतपा? तो तर गारठा!

माहीत आहे का? सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस आहे. आयसीपीचा प्लाझ्मा जातो ६,००० ते १०,००० केल्विनपर्यंत! मे महिन्यात नवतपा लागला की आपण ४५ अंशांना ‘अंगाची लाही झाली’ म्हणतो. या प्लाझ्मासमोर आपला नवतपा म्हणजे हिल स्टेशन.

गंमत म्हणजे हा सगळा प्रताप चालतो एका काचेसारख्या दिसणाऱ्या क्वार्ट्झच्या नळीत, म्हणजे ‘टॉर्च’मध्ये. नळी वितळत का नाही? कारण आर्गॉन वायूचा भोवरा प्लाझ्माला नळीच्या भिंतीपासून चार हात दूर ठेवतो.

खेळण्यातली मोटार आणि लॅबमधला सूर्य

हा प्लाझ्मा पेटतो रेडिओ लहरींवर. यंत्रांची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी आहे २७.१२ मेगाहर्ट्झ. ओळखीची वाटते? वाटायलाच हवी! रिमोटवर पळणाऱ्या कितीतरी खेळण्यातल्या मोटारी याच २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत आल्या आहेत. एकाच गल्लीत एका घरी मोटार पळते, शेजारी सूर्य पेटतो.

पेटवायला काडी लागत नाही. एक ठिणगी उडते, थोडे इलेक्ट्रॉन सुटतात, रेडिओ लहरी त्यांना गरगर फिरवतात, ते बाकीच्या अणूंवर आदळतात आणि क्षणात भपकन प्लाझ्मा उभा राहतो. गोटमारच म्हणा, पण अणूंची!

आर्गॉनचा बकासुर

हवेत आर्गॉन किती? जेमतेम ०.९३ टक्के. आणि हे यंत्र तो पितं किती? मिनिटाला १५ ते २० लिटर! ७,००० लिटर वायूचा भरलेला सिलिंडर सकाळी लावा, संध्याकाळी तो रिकामा. म्हणून मोठ्या लॅब सिलिंडरच्या नादी लागत नाहीत, थेट द्रवरूप आर्गॉनची टाकीच आणून ठेवतात.

करायला गेले स्फटिक, झालं स्पेक्ट्रोमीटर

माहीत आहे का? १९६१ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस रीड यांनी असा प्लाझ्मा पेटवला तो स्फटिक वाढवण्यासाठी. रासायनिक तपासणी त्यांच्या अजेंड्यावर नव्हतीच! १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टॅन्ली ग्रीनफील्ड यांनी आणि १९६५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात वेल्मर फॅसेल व रिचर्ड वेंट यांनी तो मूलद्रव्यं ओळखायच्या कामाला जुंपला. १९८० मध्ये सॅम हाउक आणि मंडळींनी त्याला वजन तोलणारं मास स्पेक्ट्रोमीटर जोडलं. स्फटिकाच्या लग्नाला आलेला पाहुणा, रसायनशास्त्राचा जावई होऊन बसला!

खरा हिरो: बोटभर फवारणी पंप

आता थांबा. यंत्र कोट्यवधींचं, प्लाझ्मा सूर्यापेक्षा गरम, पण थेंब आत जातो कसा? तिथेच तर सगळी मेख आहे. बाटलीतलं पाणी सरळ प्लाझ्मात ओतलं तर प्लाझ्मा गुडुप! विझूनच जाईल बिचारा.

म्हणून दारावर उभा असतो नेब्युलायझर. आपल्या बागेतला पाठीवरचा फवारणी पंप आठवा. नोझल चांगलं तर फवारा बारीक, नोझल खराब तर नुसती चिळकांडी. अगदी तेच तत्त्व, फक्त आकार बोटाएवढा.

जवळून बघा: काचेच्या नळीच्या आत केसासारखी दुसरी नळी. आतल्या नळीतून द्रव येतो, बाहेरच्या फटीतून आर्गॉन सुसाट सुटतो. टोकापाशी वायू इतका वेगात असतो की तिथला दाब उतरतो आणि द्रव आपसूक ओढला जातो. टोकातून बाहेर पडताच त्याच्या चिंधड्या होतात. टोकासमोर उरतं ते फक्त पांढरं धुकं. कान दिला तर बारीकसा ‘सूं…’ आवाज!

९५ टक्के नापास!

आता धक्का घ्या. नेहमीच्या पद्धतीत नेब्युलायझर मिनिटाला साधारण १ मिलीलिटर द्रव फवारतो. त्यातला प्लाझ्मापर्यंत पोहोचतो किती? १ ते ५ टक्के! बाकीचा ९५ ते ९९ टक्के माल नळीतून बुडबुडे सोडत थेट ड्रेनच्या बाटलीत. स्पर्धा परीक्षेचा निकालही इतका कडक लागत नाही.

का? कारण प्लाझ्माला मोठे थेंब चालत नाहीत. साधारण १० मायक्रॉनहून मोठा थेंब दिसला की दारातूनच परत. हे दाखले तपासणारं पात्र म्हणजे स्प्रे चेंबर. आर. एच. स्कॉट आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आणलेलं दुहेरी नळीचं चेंबर आजही ‘स्कॉट चेंबर’ म्हणून मिरवतं. दुसरा प्रकार सायक्लोनिक. यात धुकं गरागरा फिरतं, जड थेंब भिंतीवर आपटून खाली ओघळतात आणि हलके वरच्या वर सटकतात. वजन कमी करायचे फायदे हे असे!

एका मिलीलिटरमध्ये अख्खा देश

गणित आवडतं? १ मिलीलिटर पाण्याचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर किती होतील? सुमारे १९० कोटी! भारतातल्या प्रत्येकाला एकेक थेंब वाटा, तरी कोट्यवधी थेंब शिल्लक.

आणि असा एक थेंब प्लाझ्मात टिकतो किती? काही मिलिसेकंद. तेवढ्यात तो सुकतो, त्याची वाफ होते, वाफेचे सुटे अणू होतात, अणूंचे आयन होतात. पापणी लवायच्या आत चार जन्म!

तार घालाल तर खबरदार!

काचेचा नेब्युलायझर म्हटलं की एक नाव घ्यावंच लागतं: माइनहार्ड. या घराण्याच्या नोझलमध्ये वायूसाठी असलेली गोल फट मायक्रॉनमध्ये मोजतात. अंदाजे १५ ते ३५ मायक्रॉन! त्यात संत्र्याच्या गराचा एक धागा गेला की खेळ खलास.

बागेत नोझल तुंबलं की आपण काय करतो? काडी नाहीतर तार घालतो. इथे तार घातली की हजारो रुपयांची काच टिचकीसरशी गेली. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये बुडवलं तरी तेच. उलट्या बाजूने पाणी सोडून, आम्लात भिजत ठेवून हळुवारपणे कचरा काढायचा, हाच मार्ग.

तुंबणार नाही म्हणजे नाही!

मग गाळकट नमुन्याचं काय? त्याला उत्तर दिलं रॉबर्ट बॅबिंग्टन या अमेरिकन संशोधकाच्या युक्तीने. नेहमी द्रव छिद्रातून बाहेर येतो. बॅबिंग्टनने उलटं केलं. द्रव पृष्ठभागावरून वाहू द्यायचा आणि छिद्रातून फक्त वायू सोडायचा. द्रव छिद्रात शिरतच नाही, मग तुंबणार कुठून? पुढे हीच कल्पना खाच असलेल्या ‘व्ही-ग्रूव्ह’ नेब्युलायझरमध्ये आली. चिखल, स्लरी, दाट द्रावण, काहीही आणा. ये रे ये रे गाळा!

हृदयाचा पंप, नमुन्याचा हमाल

नमुना बाटलीतून नेब्युलायझरपर्यंत कोण आणतं? एक फिरकी पंप, ज्याचे रोलर रबरी नळी दाबत दाबत पुढे जातात. माहीत आहे का? हाच रोलर पंप १९३० च्या दशकात मायकेल डीबेकी यांनी रक्त चढवण्यासाठी वापरात आणला आणि पुढे हृदय शस्त्रक्रियेतल्या हार्ट-लंग मशीनमध्ये तो जाऊन बसला. जे डीबेकी पुढे जगप्रसिद्ध हृदय शल्यविशारद झाले, तेच! म्हणजे आपल्या विहिरीच्या पाण्याला यंत्रात घेऊन जाणारा हमाल एकेकाळचा हार्ट स्पेशालिस्ट आहे बरं.

आता कंजूषपणाची कमाल

मिलीलिटर तर श्रीमंतांची गोष्ट झाली. नमुना टिपूसभरच असेल तर? नवजात बाळाच्या टाचेतलं रक्त, अश्रू, एखाद्या पुरातन वस्तूचा कण. तिथे येतात मायक्रोफ्लो नेब्युलायझर. त्यांचं पोट भरायला मिनिटाला २० ते १०० मायक्रोलिटर पुरे.

हिशोब करा: एक साधा थेंब अंदाजे ५० मायक्रोलिटरचा. मिनिटाला २० मायक्रोलिटर वेगाने तो पुरतो अडीच मिनिटं. आणि एमएस यंत्राला डझनावारी मूलद्रव्यं मोजायला एवढा वेळ बास! एक थेंब, अख्खी यादी.

गंमत पुढेच आहे. प्रवाह कमी केला की फवारा बारीक होतो आणि पास होणाऱ्या थेंबांची टक्केवारी वाढते. थोडं द्या, जास्त पोहोचेल! काही नेब्युलायझर तर स्प्रे चेंबरला रामराम ठोकून थेट टॉर्चच्या आत घुसतात. १९९८ मध्ये अकबर मोंतासेर यांच्या गटाने मांडलेला ‘डाइहेन’ असाच. ड्रेन नाही, नापास नाही, निकाल १०० टक्के.

आणि हे ऐकाच: काही संशोधकांनी इंकजेट प्रिंटरचं तंत्र उचललं. शाईऐवजी नमुना भरला आणि एकेक थेंब मोजून टाकला. प्रिंटरने कागदाऐवजी प्लाझ्मावर छापलं, एवढाच फरक!

संत्र्याचा ज्यूस थेट टाकला तर?

पांढुर्णा-सौसरमध्ये हा प्रश्न पडणारच. आंबिया बहाराचं रसाळ संत्रं, पिळा आणि ओता यंत्रात! नको, नको, नको! एमएस यंत्राला विरघळलेला ऐवज साधारण ०.२ टक्क्यांहून जास्त चालत नाही. संत्र्याच्या रसात तो १० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मर्यादेच्या ५० पट! साखर जळून काजळी होणार, मीठ साचणार, आणि प्लाझ्माच्या पुढे असलेल्या शंकूचं जेमतेम १ मिलीमीटरचं भोक बुजणार.

म्हणून आधी नायट्रिक आम्लात घालून मायक्रोवेव्हमध्ये ‘पचवायचं’. गर, साखर, रंग सगळं जिरतं आणि उरतं नितळ द्रावण. मग ते पाणी घालून पातळ करायचं. ‘दुधात पाणी’ म्हटलं की भांडण, लॅबमध्ये मात्र त्यालाच शास्त्र म्हणतात.

पोटॅशियमचा बहुरूपी

संत्र्याची अजून एक खोड. त्यात पोटॅशियम भरपूर, मँगनीज अगदी नखभर. आता वजनं बघा. पोटॅशियमचं वजन ३९, ऑक्सिजनचं १६. बेरीज? ५५! आणि मँगनीजचं वजन? तेही ५५!

म्हणजे प्लाझ्मात पोटॅशियम आणि ऑक्सिजनची जोडगोळी जमली की यंत्राला वाटतं, ‘अरे वा, मँगनीज आलं!’ सौसरचं नाव बघून भुलू नका, तो बहुरूपी आहे. उपाय काय? वाटेत हिलियम वायूचा अडथळा. जोडगोळी आकाराने मोठी, हिलियमवर जास्त आदळते, दमते आणि मागे पडते. सुटा मँगनीज मात्र पुढे निघून जातो. एकटा जीव सदाशिव!

रंग न उधळता रंगपंचमी

प्लाझ्मात यिट्रियमचं द्रावण सोडलं की काय दिसतं माहीत आहे का? आधी लालभडक पट्टा, त्याच्यापुढे निळा. लाल म्हणजे अणू अजून जोडीने आहेत, निळा म्हणजे आयन सुटे झाले. नेब्युलायझरचा वायू कमी-जास्त केला की हा लाल तुकडा पुढे-मागे सरकतो, आणि टॉर्च नीट बसवायला तो रंगच कामाला येतो. सोडियम सोडलं तर? पिवळसर नारिंगी! म्हणजे संत्रं न टाकताही संत्री रंग. उघड्या डोळ्यांनी मात्र बघायचं नाही हं, अतिनील किरणं डोळ्यांचा निकाल लावतील. काळ्या काचेआडूनच दर्शन.

संत्र्याची पानं बोलतात

‘नागपुरी संत्रं’ या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे माहीत असेलच. नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्रीय संशोधन संस्था १९८५ पासून आहे. तिथले आणि इथले बागायतदार एक गोष्ट चांगली ओळखून आहेत. पान शिरांपाशी हिरवं, मधे पिवळं आणि आकाराने चिमुकलं पडलं की जस्त कमी पडलंय!

डोळ्यांना पिवळेपणा दिसतो, किती कमी ते दिसत नाही. ते सांगतं पृथक्करण. पान धुवायचं, वाळवायचं, दळायचं, आम्लात विरघळवायचं आणि फवारायचं. जस्ताची ठरलेली खूण आहे २१३.८६ नॅनोमीटरवरचा अतिनील उजेड. म्हणजे बागेत झाडाला जस्ताची फवारणी, आणि लॅबमध्ये पानाचीच फवारणी. फिट्टंफाट!

सौसरचं नाव जगाच्या पुस्तकात

माहीत आहे का? नागपूर, भंडारा, बालाघाट ते सौसर अशा कमानीत पसरलेल्या प्राचीन खडकांना भूशास्त्रज्ञ ‘सौसर ग्रुप’ म्हणतात! जगात कुठेही मँगनीजवर शोधनिबंध लिहा, सौसरला टाळून पुढे जाणं कठीण.

हे नाव रुजवलं लुईस ली फर्मर यांनी. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या या साहेबांनी १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर भलाथोरला ग्रंथ लिहिला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ म्हटलं. नाव आजही चालू आहे. या पट्ट्यातल्या सीतापार गावावरून एका खनिजाला ‘सीतापाराइट’ असंही नाव दिलं. पण पुढे कळलं की ते खनिज अमेरिकेत आधीच सापडलेलं ‘बिक्सबाइट’ आहे. १८९७ मध्येच बारसं झालेलं! सीतापारचं तिकीट कन्फर्म होऊन कॅन्सल झालं.

धंद्याचं सांगायचं तर, आजच्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीची मुळं १८९६ च्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात. सरकारी अवतार १९६२ चा, मुख्यालय नागपूर.

हट्टी गोटा

मँगनीजचं खनिज यंत्रात घालायचं तर आधी विरघळायला हवं. आणि ते हट्टी! नुसत्या नायट्रिक आम्लाला दाद देत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडची मनधरणी लागते. त्यात सिलिकेट असेल तर थेट हायड्रोफ्लोरिक आम्ल.

पण थांबा, हे आम्ल काच खातं! म्हणजे काचेचा नेब्युलायझर स्वाहा. मग काचेऐवजी ‘पीएफए’ नावाच्या प्लास्टिकचा नेब्युलायझर लावायचा. टेफ्लॉनचाच नातेवाईक तो, आम्लाला भीक घालत नाही.

आधी पाणी, मग गोटा!

एकाच दिवशी सौसरच्या विहिरीचं पाणी आणि खाणीतलं खनिज तपासायचंय. आधी कोण? चुकूनही खनिज नाही! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मँगनीजची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलीग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३. आणि चांगल्या खनिजात? ४० टक्के, म्हणजे किलोला ४ लाख मिलीग्रॅम!

आधी खनिज घातलं तर त्याचे चुकार अणू नळीत रेंगाळतात आणि पुढच्या स्वच्छ पाण्याची नाहक बदनामी करतात. म्हणून आधी सोवळं, मग ओवळं, आणि मधे मधे आम्लाच्या पाण्याची आंघोळ.

पाऱ्याला सोन्याची लाच

रेंगाळण्यात पहिला नंबर पाऱ्याचा. नळीला, चेंबरला चिकटून बसतो, निघता निघत नाही. मग लॅबवाले काय करतात माहीत आहे का? द्रावणात चिमूटभर विरघळलेलं सोनं टाकतात! सोन्याच्या संगतीत पारा द्रावणात राहतो आणि गपगुमान पुढे सरकतो. सोन्याशिवाय हलत नाही, असा पाहुणा सगळ्यांच्या ओळखीत एखादा असतोच.

आर्सेनिकचा तोतया

मघाशी गोट्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं, आठवतंय? त्यातलं क्लोरीन (३५) आणि प्लाझ्मातलं आर्गॉन (४०) गळ्यात गळे घालतात. बेरीज ७५. आणि आर्सेनिकचं वजनही ७५! शुद्ध पाण्यात विष दिसायला लागतं. तसंच आर्गॉन अधिक ऑक्सिजन ५६, म्हणजे लोखंडाचा तोतया. खुद्द आर्गॉन ४०, म्हणजे कॅल्शियमचा तोतया. ज्याने सूर्य पेटवला, तोच साक्षीदार फितूर!

जोडगोळ्यांपुरतं इथेही पोलिसाचं काम करतो हिलियम. आणि हिलियमची पहिली चाहूल कुठे लागली? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात, भारतात! पिएर जान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसले होते. आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाची खूण म्हणून ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. पृथ्वीवर हिलियम हाती लागायला मात्र १८९५ उजाडलं. सूर्यावर आधी, घरी नंतर.

एक मूलद्रव्य मात्र हुलकावणी देतं

‘सगळं मोजणाऱ्या’ या यंत्राला फ्लोरीन सापडत नाही! फ्लोरीनचा इलेक्ट्रॉन उपटायला लागते १७.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, आर्गॉनच्या खिशात फक्त १५.७६. पैसे कमी, सौदा फिसकटला. म्हणून पाण्यातला फ्लोराइड मोजायला दुसरंच, साधं आणि स्वस्त साधन: फ्लोराइड इलेक्ट्रोड. कोट्यवधींचं यंत्र बघत राहतं.

अंगठी काढा, पावडर झटका

अब्जात एक भाग मोजणारं यंत्र असेल तर माणूसच सगळ्यात मोठा कचरा! पावडर लावलेले हातमोजे? जस्त सांडलं. काचेची बाटली? बोरॉन आणि सोडियम सुटलं. रंगीत पिपेट टिप? रंगद्रव्यातून धातू उतरायची भीती. अंगठी, मेकअप, धुळीच्या चपला, सगळं बाहेर. नमुना हलका आम्लयुक्त ठेवायचा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि निकालात दिसतच नाहीत. थेंब जितका लहान, नखरे तितके मोठे!

४० टनांपासून ४० मायक्रोलिटरपर्यंत

१८६० मध्ये बुन्सेन आणि किर्चहॉफ यांनी ज्योतीच्या रंगातून सीझियम शोधलं, पुढच्या वर्षी रुबिडियम. पुरेसा माल हाताशी यावा म्हणून जर्मनीतल्या ड्यूर्कहाइमचं खनिजयुक्त पाणी आटवलं. किती? ४० टनांहून जास्त! हाती आले फक्त काही ग्रॅम क्षार. आज तेच सीझियम शोधायला काही मायक्रोलिटर पुरतात. टँकरपासून टिपुसापर्यंत दीडशे वर्षांत!

बेटोफेनचे केस, चंद्राची माती

२०२४ मध्ये संगीतकार बेटोफेनच्या केसांच्या दोन बटा तपासल्या. शिसं निघालं ग्रॅमला २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम. सर्वसाधारण माणसात ते ४ पेक्षा कमी! दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि रिपोर्ट आत्ता.

आणि चंद्र? ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ने लेझर मारून चंद्राच्या मातीचाच प्लाझ्मा केला. नेब्युलायझर नाही, आर्गॉन नाही, थेट धडाम! त्यात गंधक सापडलं आणि हो, मँगनीजसुद्धा. सौसरकरांनो, कॉलर टाइट!

पळता पळता

* मँगनीजची आवडती खूण: २५७.६१ नॅनोमीटर. डोळ्यांना न दिसणारा उजेड.
* एमएस यंत्राच्या आतल्या भागात निर्वात पोकळी, दारात मात्र सूर्य. मधे फक्त दोन छोटी भोकं.
* पेट्रोलसारखा नमुना सोडला की कार्बनमुळे प्लाझ्मात हिरवी छटा उमटते. काजळी धरू नये म्हणून थोडा ऑक्सिजन सोडतात.
* स्प्रे चेंबर मुद्दाम २ अंशांपर्यंत थंड ठेवतात, पाण्याची वाफ कमी जावी म्हणून. एका टोकाला फ्रीज, वीतभर अंतरावर सूर्य!

आता तुमची पाळी

यंत्र लाख हुशार असो, ते फक्त दारात आलेला थेंब वाचतं. थेंब चुकीचा गेला तर रिपोर्टही चुकीचाच, दशांश चिन्हासकट! म्हणून बागायतदार मंडळी, पुढच्या वेळी नमुना पाठवाल तेव्हा एवढं कराच. पाणी नव्या प्लास्टिकच्या बाटलीत भरा, भरण्याआधी त्याच पाण्याने ती खळबळून घ्या. मातीचा नमुना जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत गोळा करू नका, नाहीतर रिपोर्टमध्ये बादलीचंच जस्त मोजलं जाईल. नुकत्याच फवारलेल्या झाडाची पानं तोडू नका. आणि बाटलीवर, पिशवीवर गाव, शेत, तारीख ठळक लिहा. बाकीचं काम प्लाझ्मावर सोडा!